पडल्यानंतर ‘एमएस’ निघालं, तर शंका घ्यावी का?

आमच्या शेजारच्या वहिनी श्रावणात विहिरीच्या पायरीवरून घसरल्या. चिऱ्याच्या पायऱ्या, त्यांवर धरलेलं शेवाळ आणि कमरेवर भरलेली कळशी. पाठीवर आपटल्या. खोक नाही, हाड मोडलेलं नाही, म्हणून आठ दिवस शेक आणि गोळ्यांवर निभावलं. तिसऱ्या आठवड्यात उजवा पाय जड झाला. चार दिवसांत बधिरपणा पावलापासून कमरेपर्यंत चढला. पाय टेकला की कापसावर ठेवल्यासारखा वाटे. घाट चढून कोल्हापूरला गेले, एमआरआय झाला आणि चिठ्ठीवर दोन अक्षरं लिहून आली: एमएस. म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस.

फाइल घेऊन त्या माझ्याकडे आल्या, कारण पायाचे व्यायाम मी घेणार होते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, निदान करणं माझं काम नाही. पण डॉक्टरांच्या केबिनमध्ये जे प्रश्न तोंडातून फुटत नाहीत ते व्यायामाच्या खाटेवर फुटतात. वहिनींचा पहिलाच प्रश्न होता, “मी पडलंय म्हणान ह्या झाला ना गो?” आणि दाराशी उभ्या असलेल्या भावजींचा दुसरा, “की ह्या एमएस नायच? मार लागलो, तेचाच ह्या सगळा.”

कानाला हे एकच गाऱ्हाणं वाटतं. पण प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरं अगदी वेगळ्या वाटांनी जातात. पडल्यामुळे एमएस होतो का, हा एक. आणि पडल्यानंतर जे दिसतंय ते खरंच एमएस आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बरंचसं ‘नाही’ असं आहे. दुसरा मात्र दरवेळी विचारण्याजोगा आहे, आणि तो विचारला म्हणून कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येऊ नये.

एमएस म्हणजे काय

मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांमागच्या दृष्टिनसा यांतल्या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन असतं. त्याच्यामुळे संदेश वेगाने धावतो. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच या वेष्टनावर चालून जाते. जिथे सूज येते तिथलं वेष्टन झडतं, संदेश अडखळतो आणि पुढे त्या जागी व्रण राहतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या झाँ-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं, तेव्हा त्यांना मृत रुग्णांच्या मेंदूत असे कडक झालेले चट्टेच दिसले होते. नावातला ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे हे कडक होणं, आणि ‘मल्टिपल’ म्हणजे ते एका जागी नसून अनेक जागी असणं.

हा ‘अनेक’ शब्द सगळ्या निदानाचा कणा आहे. कौलारू घरात वाढलेल्यांना तो चटकन समजेल. माडावरचा नारळ पडून एक कौल फुटलं, तर पाणी त्याच कौलाखाली गळतं. नारळ कधी पडला हे ठाऊक असतं, गळती कुठे आहे हेही ठाऊक असतं. पण यंदा पडवीत गळलं, पुढच्या पावसात देवघरात, त्याच्या पुढच्या वर्षी माजघरात, आणि एकाही वेळी वर काही पडलेलं नाही, तर मग छपरालाच काहीतरी झालं आहे. इजा म्हणजे नारळ. एमएस म्हणजे वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या पावसात गळणारं छप्पर. न्यूरॉलॉजिस्ट शोधत असतो ते नेमकं हेच: जागा अनेक आहेत का, आणि वेळा अनेक आहेत का.

आजार साधारण विशी ते चाळिशीत डोकं वर काढतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत बराच जास्त दिसतो. आपल्याकडे तो युरोप-अमेरिकेच्या मानाने विरळ आहे. याच किनाऱ्यावर खाली मंगळूर शहरात एक पाहणी झाली होती, तिच्यात लाख माणसांमागे साधारण ८ रुग्ण सापडले.

पडल्यामुळे होतो का?

हा प्रश्न जुना आहे, आणि कोर्टकचेऱ्यांत नुकसानभरपाईसाठीही तो अनेकदा गेला आहे. अमेरिकन न्यूरॉलॉजी अकॅडमीने १९९९ मध्ये तोवरचे अभ्यास तपासले आणि शारीरिक इजेमुळे एमएस सुरू होतो किंवा बळावतो असं पुराव्यांवरून दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. हाडं मोडलेल्या माणसांत एमएस जास्त आढळत नाही, हे पुढेही टिकलं.

डोक्याच्या माराबाबत चित्र एवढं स्वच्छ नाही. स्वीडनमध्ये २०१७ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ११ ते २० या वयात डोक्याला मार बसून मेंदूला हादरा बसलेल्या मुलांत पुढे एमएसचं प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी जास्त निघालं. असा हादरा एकाहून जास्त वेळा बसलेल्यांत ते दुपटीच्या वर गेलं. त्याच अभ्यासात हातपाय मोडलेल्या मुलांत असा संबंध मिळाला नाही. आता ‘दुपटीच्या वर’ ऐकून घाबरायला होतं. पण मुळात आजार इतका विरळ की दुप्पट झाला तरी विरळच राहतो. शिवाय संबंध दिसणं आणि कारण असणं यांत अंतर आहे. आणि हा अभ्यास किशोरवयातल्या माराबद्दल आणि पुढे काही वर्षांनी उगवणाऱ्या आजाराबद्दल बोलतो. चाळिशीतल्या बाईला श्रावणात पडून भाद्रपदात एमएस झाला, असं त्यातून निघत नाही.

कारणांच्या यादीत सध्या सर्वांत वर आहे तो एक अगदी सामान्य विषाणू, एप्स्टाइन-बार. अमेरिकी लष्करातल्या १ कोटींहून अधिक जवानांच्या नोंदी आणि साठवलेलं रक्त पाहून २०२२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं की या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. पण मोठ्या माणसांत जवळजवळ सगळ्यांनाच तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो, त्यामुळे एकटा तो पुरत नाही. काही जनुकं, धूम्रपान, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता ही त्याच्या जोडीची मंडळी.

मग इतक्या जणांना ‘पडलो आणि झालं’ असं का वाटतं? एक तर मनाचा हिशेब. पडणं तारखेनिशी लक्षात राहतं. वर्षापूर्वी पंधरा दिवस डोळ्यापुढे धूसर दिसलं होतं, ते चष्म्याच्या नंबराच्या खात्यात जमा होऊन विसरलं जातं. दुसरं, एमआरआय होतोच मुळी पडल्यामुळे. वर्षानुवर्षं गुपचूप बसलेले डाग त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी दिसतात. काहीच त्रास नसलेल्या माणसात असे एमएससारखे डाग योगायोगाने सापडतात, त्याला डॉक्टरांनी २००९ मध्ये वेगळं नावच दिलं.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते पायाशी संबंधित आहे आणि पाय हा माझा विषय. एमएस असलेली माणसं पडतात. पाऊल पुरतं उचलत नाही, तोल जातो, पायाखालची जमीन नीट कळत नाही. म्हणजे कारण आणि परिणाम उलटेही असू शकतात. हा धागा मनात ठेवा, वहिनींकडे परत जाताना लागेल.

पण हे एमएसच आहे कशावरून?

आता दुसरा प्रश्न. इथे शंका घेणं रास्त आहे, कारण एमएसचं चुकीचं निदान ही दुर्मीळ गोष्ट नाही. लॉस एंजेलिसमधल्या दोन मोठ्या केंद्रांत एमएसचा शिक्का घेऊन आलेल्या २४१ जणांची फेरतपासणी झाली. २०१९ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षानुसार त्यांतल्या ४३ जणांना एमएस नव्हताच. त्याआधी, २०१६ मध्ये, चुकीचं निदान झालेल्या ११० रुग्णांचा अभ्यास आला होता. त्यांत खरा आजार म्हणून सर्वाधिक निघाली ती अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लोकांनी तो चुकीचा शिक्का दहा वर्षं किंवा त्याहून जास्त वागवला होता.

मायग्रेन कशी काय? कारण मायग्रेन, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू किंवा नुसतं वय, या सगळ्यांनी मेंदूत पांढरे डाग येतात. फिल्म पाहणारा घाईत असेल तर डाग तो डाग. जाणकार डोळा त्यांची जागा आणि घाट पाहतो. एमएसचे डाग मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना चिकटून, लांबट, पोकळीपासून बोटांसारखे बाहेर पसरलेले दिसतात, आणि त्यांच्या मधोमध बहुधा एक बारीक शीर असते. डोक्याला जोराचा मार बसला असेल तर होणाऱ्या डागांची जागा वेगळी आणि त्यांत अनेकदा रक्ताचे सूक्ष्म ठिपके असतात. ते दाखवणारा एमआरआयचा प्रकार वेगळा मागवावा लागतो, एसडब्ल्यूआय म्हणतात त्याला. अपघातानंतरच्या रुग्णात तो झाला आहे का, हे विचारायला हरकत नाही.

पडल्यानंतरच्या प्रकरणांत सगळ्यांत जास्त चुकामूक मात्र मेंदूत होत नाही, मानेत होते.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून. हापूसच्या कलमावरून झेल्याने आंबे उतरवताना एक गृहस्थ पडले. वय पन्नाशीच्या पुढे, रक्तदाब होता, तंबाखूही होती. दोन-तीन महिन्यांत चाल अडखळायला लागली. मेंदूचा एमआरआय केला, थोडे डाग दिसले आणि रिपोर्टात ‘एमएसची शक्यता’ असं आलं. मानेचा एमआरआय खर्चापायी राहून गेला होता. माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना शर्टाची बटणं लावायला सांगितली. दोन्ही हातांची बोटं चाचपडत होती. आता सुपारी कातरताना अडकित्ताही नीट धरवत नाही, असं बायकोने सांगितलं. दोन्ही हात आणि दोन्ही पाय असे हळूहळू बिघडत असतील तर मानेकडे पाहावंच लागतं. त्यांना परत पाठवलं. मानेच्या एमआरआयमध्ये गादी मागे सरकून मज्जारज्जू चेपलेला दिसला. मेंदूतले डाग रक्तदाबाचे होते. ऑपरेशन झालं, चाल बरीच सुधारली, बोटं पूर्ण सुधारली नाहीत. चेपलेला मज्जारज्जू फार काळ वाट पाहत नाही.

मान जन्मतः किंवा वयोमानाने अरुंद असेल तर साध्या पडण्यानेही हे होतं. आणि गंमत अशी, खरं तर गंमत नाहीच, की चेपलेल्या जागी मज्जारज्जूत एमएससारखाच पांढरा डाग दिसतो. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर तो उजळतोसुद्धा, दाबाच्या जागेच्या किंचित खाली, आडव्या पट्टीसारखा. मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होणं, हे एमएसचं प्रसिद्ध लक्षण. पण तेच लक्षण गादीने चेपलेल्या मानेतही येतं आणि बी-१२ च्या कमतरतेतही येतं. त्यामुळे ‘मला करंट लागतो, म्हणजे मला एमएसच’ असं होत नाही.

बी-१२ चा विषय निघालाच आहे. मासे खाणाऱ्या कोकणात ही कमतरता कशी असेल, असं लोक मला विचारतात. अहो, माळ घातलेली घरं आहेत, वर्षानुवर्षं मासळीला हात न लावणारी. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्याही बी-१२ खाली आणतात. ही कमतरता मज्जारज्जूचा मागचा भाग पोखरते, पाय बधिर होतात, अंधारात तोल जातो. इजेशी तिचा एक चोरटा धागाही आहे. ऑपरेशनच्या वेळी भूल देताना नायट्रस ऑक्साइड वायू वापरला असेल, तर तो शरीरातलं बी-१२ निकामी करतो. आधीच साठा तळाला असलेल्या माणसात त्यानंतर काही आठवड्यांत पाय बधिर होऊ शकतात. घरचे म्हणतात, पडला, हाड बसवलं आणि मग नसा गेल्या. आणखी एक घोळ आपल्याकडे हमखास होतो. मुंग्या आल्या म्हटलं की कुणीही बी-१२ ची ‘ताकदीची इंजेक्शनं’ देऊन टाकतो. मग रक्त तपासलं की आकडा छान दिसतो आणि खरी कमतरता लपते. इंजेक्शनं घेतली असतील तर न्यूरॉलॉजिस्टला ते आधी सांगा.

यापलीकडे दोन आजार एमएसचे सख्खे चुलत भाऊ म्हणावेत असे आहेत: एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) आणि मॉगॅड (‘मॉग’ अँटिबॉडीचा आजार). दोन्हींत दृष्टिनस आणि मज्जारज्जू सुजतात, आणि दोन्ही रक्ताच्या तपासणीतून ओळखता येतात. पहिल्याची अँटिबॉडी २००४ मध्ये सापडली, तोवर तो एमएसचाच प्रकार समजला जात असे. भारतात एमएसच विरळ, त्याच्या मानाने एनएमओ बराच दिसतो, त्यामुळे ही तपासणी टाळण्यासारखी नाही. मज्जारज्जूतला डाग तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब असेल तर डॉक्टरांना हा संशय यायलाच हवा, एमएसचे डाग तिथे आखूड असतात. फरक नावापुरता नाही. एमएसवर दिली जाणारी काही औषधं, इंटरफेरॉन बीटा किंवा फिंगोलिमोड, एनएमओ बिघडवतात. क्षयाचंही नाव आपल्या देशात यादीतून कधी खोडायचं नसतं.

आणि एक आजार असा, ज्याचं नाव घेताना डॉक्टरही चाचरतात. मार बसल्यानंतर काही जणांत हात किंवा पाय चालेनासा होतो, पण नसा शाबूत असतात, त्यांचं चालवणं बिघडलेलं असतं. फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर. मी हे पाहिलं आहे: रुग्ण उताणा झोपलेला, दुबळी टाच खाली दाबायला सांगितली तर दाबत नाही. मग चांगला पाय वर उचलायला सांगितला की तीच दुबळी टाच माझ्या तळहातावर जोरात दाबली जाते. ताकद आहे, पण सांगून येत नाही. हे ढोंग नव्हे आणि ‘बाहेरचं’ही नव्हे. योग्य व्यायामाने त्यात सुधारणा होते, एमएसच्या औषधांनी होत नाही.

काळ काय सांगतो

वाचताना एक गोष्ट लक्षात आली असेल: हे सगळे आजार वेगवेगळ्या चालीने येतात. मज्जारज्जूला थेट मार बसला तर त्याच क्षणी कळतं, नारळ डोक्यात पडल्यासारखं. मेंदूच्या रक्तवाहिनीचा घोटाळाही असाच काही क्षणांत किंवा मिनिटांत येतो. मान चेपल्याचा त्रास समुद्राने किनारा खावा तसा, महिनोन्‌महिने थोडाथोडा. एमएसचा झटका भरतीसारखा असतो. तासातासाने, दिवसादिवसाने चढतो, काही काळ टिकतो आणि मग आठवड्यांनी ओसरू लागतो. किमान २४ तास टिकला तरच त्याला झटका म्हणायचं, आणि ताप नसताना. ताप आला की जुन्या व्रणांची लक्षणं तात्पुरती जागी होतात, तो नवा झटका नव्हे. पावसाळ्यात तापांची रांग लागणाऱ्या आपल्या जिल्ह्यांत हे ध्यानात ठेवावं लागतं.

म्हणून डॉक्टर विचारतात, ‘कधी, कसं, किती दिवसांत’. आपण सांगतो, ‘पडल्यावर’. एवढ्याने त्यांचं काम भागत नाही.

निदान म्हणजे कौल नव्हे

आपल्याकडे देवाला कौल लावतात. पाकळी उजवीकडे पडली की हो, डावीकडे पडली की नाही, विषय संपला. एमआरआयकडे लोक तसंच बघतात. पण एमएस सिद्ध करणारी एकही अशी चाचणी नाही की तिची पाकळी पडली आणि झालं. इयन मॅकडोनाल्ड या न्यूरॉलॉजिस्टच्या नावाने ओळखले जाणारे निकष २००१ पासून वापरात आहेत, मधून मधून सुधारले जातात, ताजी सुधारणा २०२४ ची. मेंदूतल्या तीन ठरावीक जागा, मज्जारज्जू आणि आता दृष्टिनस, यांपैकी किती ठिकाणी पुरावा आहे ते बघतात. डाग जुने-नवे मिसळलेले आहेत का ते बघतात. पाठीतलं पाणी काढून त्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे प्रतिपिंडांचे ठरावीक पट्टे, मिळतात का ते बघतात. नुसतं पाठीवर आपटल्याने हे पट्टे येणं अपेक्षित नसतं, म्हणून इजेच्या प्रकरणात या पाण्याला वजन आहे. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो’ हा समज आपल्या वाड्यांत इतका घट्ट आहे की अर्धे लोक नाही म्हणून परत येतात. सुई टोचतात ती मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली. दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं, तेवढंच बहुधा.

आणि या सगळ्या निकषांवर एक अट बसलेली आहे: लक्षणांचा दुसरा अधिक पटणारा अर्थ लागता कामा नये. घाईत तीच अट पहिली गळते. स्टेरॉइडच्या सलाइनने तीन-पाच दिवसांत बरं वाटलं, म्हणजे एमएसच होता, हाही पुरावा नव्हे. स्टेरॉइड सूज उतरवतं, सूज कुणाचीही असो.

दुसरं मत घ्यायला जाताना, मुंबईला जा, कोल्हापूरला, बेळगावला किंवा गोव्यात बांबोळीला, नुसते रिपोर्ट नेऊ नका. एमआरआयची सीडी न्या. रिपोर्ट हे दुसऱ्याचं मत, सीडी ही मूळ वस्तू. पडण्याच्या आधीचे जुने कागद असतील तर ते सोन्याच्या मोलाचे: डोळ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी, जुना एक्स-रे, ऑपरेशन झालं असेल तर भूल कशाची दिली त्याची नोंद. एका कागदावर मराठीत तारखेवार लिहा, पडण्यापासून नव्हे, आठवतं तिथपासून. मग विचारा: मानेचा आणि पाठीचा एमआरआय हवा का? एनएमओ आणि मॉगॅडची तपासणी झाली का? माझ्या बाबतीत एमएसच्या विरुद्ध जाणारी कुठली गोष्ट आहे? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत आवडतो. त्याचं उत्तर देताना चांगला डॉक्टर खुर्चीत पुढे सरकतो.

शंका आहे म्हणून औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. फिंगोलिमोड किंवा नॅटालिझुमॅबसारखी औषधं अचानक तोडली तर आजार उसळून येऊ शकतो. आणि निदान खरं असेल, तर ‘मार लागलो, तेचाच ह्या’ म्हणत घालवलेला काळ महाग पडतो, कारण उपचार लवकर सुरू होण्यात फायदा असतो. चुकीच्या शिक्क्याइतकीच चुकीची नाकबुली वाईट. निदान पक्कं झालं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे, प्रमाणपत्र मिळू शकतं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थाही १९८५ पासून काम करते.

वहिनींचं काय झालं

त्या दोघांना मी वर लिहिलं तेच सगळं सांगितलं, याहून मोडक्यातोडक्या शब्दांत. मुंबईला गेले. मानेत दाब नव्हता, बी-१२ ठीक होतं, दोन्ही अँटिबॉडी नव्हत्या. पाठीच्या पाण्यात पट्टे मिळाले. तिथल्या डॉक्टरांनी पडण्याबद्दल फार विचारलंच नाही. पडण्याच्या आधीचं विचारत बसले, तास जवळजवळ. चुलीपुढे डोळ्याला कधी त्रास झाला होता का? उन्हातून आल्यावर, गरम पाण्याने आंघोळ केल्यावर अंधुक दिसतं का? तेव्हा वहिनींना आठवलं. दोन चतुर्थ्यांमागे उजव्या डोळ्याने लाल रंग फिका दिसायचा, डोळा हलवला की दुखायचा. गणपतीच्या गडबडीत धुराचं निमित्त झालं, महिनाभरात आपोआप गेलं. आणि पडायच्या आधीपासूनच उजव्या पायातली चप्पल वाटेत निसटून राहायची.

परत आल्यावर त्या माझ्या खाटेवर बसल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पडलंय म्हणान झाला नाय गो. झाला म्हणान पडलंय.”

औषध सुरू आहे. नवा झटका अजून आलेला नाही. उन्हाने पाय जड होतो म्हणून त्या सकाळी कातळ तापायच्या आत चालून येतात. भावजी आता दर पंधरवड्याला विहिरीच्या पायऱ्यांवर ब्लिचिंग पावडर टाकून शेवाळ खरवडतात, आणि कळशी तेच भरून आणतात.